तराजूला वारा लागू नये म्हणून

३ नोव्हेंबर

घरी स्वतः काडतुसं भरणारा माणूस सगळं लिहून ठेवतो. कुठली गोळी, कुठली दारू, हवा कशी होती, शंभर यार्डांवर नेम किती पांगला. तशा वह्या माझ्याकडे चाळीस वर्षांच्या आहेत. मनातलं लिहायची ही पहिलीच. लोरेनला सांगितलेलं नाही. ती म्हणेल, बायको समोर बसलीय आणि हा कागदाशी बोलतो.

आज रूडीच्या बायकोकडून, जॉइसकडून, त्याचं काडतुसं भरायचं सगळं सामान आणलं. रूडी लाम्पिनेन सप्टेंबरात गेला. लाकडं फोडता फोडता खाली बसला तो उठलाच नाही. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली म्हणे. खाणीच्या वर्कशॉपमध्ये अडतीस वर्षं आमची लेथ मशिनं शेजारी शेजारी होती, आणि शेवटची तीन वर्षं आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो.

कारणही लिहूनच टाकतो. रायफल क्लबच्या वार्षिक जेवणात, लोरेनसकट साठ माणसांदेखत, तो उभा राहून म्हणाला, "डेल, माझा व्हर्नियर परत कर. तळघरात दोनच माणसं होती, मी घेतला नाही, मग राहिलं कोण?" निवृत्तीच्या वेळी खाणीने नाव कोरून दिलेला, केसाची जाडीही मोजणारा व्हर्नियर होता तो. मी त्याला हातही लावला नव्हता. भरलं ताट तसंच ठेवून मी बाहेर पडलो. त्याच्या मयताला गेलो, पण मागच्या बाकावर बसलो.

जॉइस म्हणाली, "तूच ने सगळं. दुसऱ्या कुणाला दिलं तर तो माझ्या स्वप्नात येऊन भांडेल."

"आणि मला दिलं तर?"

"तर तुझ्या स्वप्नात येईल," ती म्हणाली. हसली मात्र नाही.

मी सामान का घेतलं ते मला पक्कं ठाऊक आहे. त्यात रूडीच्या वह्या आहेत. अडतीस वर्षांच्या मित्राने मला खरोखर चोर मानलं का, आणि मानलं तर का, एवढंच मला कळायला हवं आहे. कुठेतरी त्याने लिहिलं असणार की डेल चोर नव्हता, माझी चूक झाली.

७ नोव्हेंबर

चार दिवस तळघरात मांडामांड. लोखंडी दाबयंत्र, दारू मोजून सोडायचं भांडं, दारूचे कण तोलायचा नाजूक तराजू, शिसं वितळवायची किटली, गोळ्यांचे साचे, आणि पुंगळ्या घोळायचं ते खडखडणारं यंत्र. उडवलेल्या काजळलेल्या पितळी पुंगळ्या त्यात अक्रोडाच्या टरफलांच्या भुशात तासन् तास घोळायच्या, की सोन्यासारख्या निघतात. झाकण फुटलेलं आहे. चालतंय.

दाबयंत्राच्या दांड्याला केसभर ढिलाई होती. दांड्याच्या सांध्यातली जुनी बुशी, म्हणजे आतली कडी, काढली, लेथवर नवी कातली, बसवली. आता दांडा लोण्यातून उतरल्यासारखा खाली येतो. लोरेन जिन्यावरून म्हणाली, "काय रे, एकटाच काय हसतोयस?" तिला काय सांगणार. एखादी वस्तू इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत बरोबर बसते तेव्हा जो आनंद होतो, तो मला चर्चमध्ये कधी झालेला नाही.

९ नोव्हेंबर

रूडीच्या वहीत माझं नाव सापडलं. पाच वर्षांपूर्वीच्या डिसेंबरातली नोंद आहे. जशीच्या तशी उतरवतो:

"तराजूचा काटा स्थिर राहत नव्हता. आठवडाभर डोकं फोडलं. आज डेल आला, दोन मिनिटांत बघितलं. म्हणाला, मूर्खा, पंख्याचा वारा लागतोय. बाहेर हवा फेकणारा पंखा बंद केला आणि खिडकीला प्लास्टिक ठोकलं. काटा आता दगडासारखा उभा. डेल नसता तर माझं काय झालं असतं."

चार वेळा वाचलं. बघा, असा होता आमचा जमाना. मी लगेच उठून माझ्या तळघराची खिडकीही प्लास्टिकने बंद केली, कडेकडेने चिकटपट्टी मारली. धूर बाहेर फेकणारा पंखाही बंद केला. काटा दगडासारखा उभा.

१६ नोव्हेंबर

काल हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडला. बाकीचे जंगलातल्या कॅम्पवर गेले. मी आयुष्यात पहिल्यांदा गेलो नाही. रूडीची चाळीस तयार काडतुसं डब्यात होती, ती उघडायची होती.

दुसऱ्याच्या हातचं काडतूस आपल्या बंदुकीत घालायचं नाही, हा आमच्यातला पहिला नियम. बापाच्या हातचंही नाही. माणूस मेला की त्याची काडतुसं मोडायची. लाकडी हातोड्यासारख्या नळीत एकेक काडतूस अडकवून ठोकलं की गोळी आणि दारू वेगळी होते. ठक, ठक, ठक. मयतानंतरचं हे काम मित्राचंच असतं. आमच्यात त्याला कुणी विधी म्हणत नाही, पण टोपी काढूनच करतात.

चाळिसातली तीन रिकामी निघाली. आत दारूच नाही. एकात दुप्पट. रूडी लाम्पिनेन, जो प्रत्येक काडतुसाचं दोनदा वजन करायचा! दुपटीचं ते काडतूस उडवलं असतं तर रायफल तोंडावर फुटली असती. मग, खरं लिहायचं तर, थोडं बरंही वाटलं. म्हातारपणी डोकं गेलं होतं बेट्याचं. डोकं गेलेल्याने चोर म्हटलं तर ते कुठे खरं म्हणायचं?

१ डिसेंबर

बर्फ खिडकीच्या वरपर्यंत आलाय. रोज सकाळी नऊला खाली उतरतो, चारला वर येतो. लोरेन मांस-बटाट्याची पेस्टी आणि कॉफी जिन्यावर ठेवते, मी बाकावरच खातो. या आठवड्यात सहाशे गोळ्या ओतल्या. टायरवाल्याकडून चाकांचा तोल साधायची जुनी शिशाची वजनं दोन बादल्या आणली आहेत. वितळलेल्या शिशावरची राख चमच्याने काढली की खाली आरशातल्यासारखं तोंड दिसतं.

लोरेनने कॉफी बदललीय. नाणं चोखल्यासारखी लागते. ती म्हणते तीच आहे, गेली तीस वर्षं तीच.

१० डिसेंबर

सापडला.

घोळयंत्रातला जुना भुसा काळा पडला होता, म्हणून बादलीत ओतला. धुरळ्याने तळघर भरलं, मला खोकल्याची उबळ आली, आणि बादलीत काहीतरी खणकन् वाजलं. व्हर्नियर. भुशात घासून घासून नवा झालेला, आणि वर कोरलेलं: आर. लाम्पिनेन, अडतीस वर्षे.

स्वतःच पुंगळ्यांबरोबर आत टाकला आणि मला चोर ठरवला. मी हसलो, मोठ्याने. मग लक्षात आलं की हे सांगायचं कुणाला. त्या हॉलमधल्या साठ जणांना? घरोघरी जाऊन? आणि ज्याला सांगायचं तो जमिनीत आहे. मी तिथेच बादलीवर बसून रडलो. व्हर्नियर खिशात ठेवलाय. जॉइसला न्यायचा, पण आज नको. आज माझ्या तोंडून चांगलं काही निघणार नाही.

१९ डिसेंबर

एक गोष्ट लिहू की नको असं झालंय.

काम संपलं की मी दाबयंत्राचा दांडा खाली ठेवतो. नेहमी. रूडी वर ठेवायचा, त्यावरून आमची वीस वर्षं चेष्टा चालायची. आज सकाळी दांडा वर होता. परवाही होता. लोरेन खाली येत नाही, तिला वास सहन होत नाही.

२७ डिसेंबर

नाताळला पोट दुखत होतं, दोन घास खाल्ले. सॉनाच्या गरम वाफेतही बरं वाटलं नाही. मेव्हण्याने काहीतरी साधंच विचारलं तर मी त्याच्या अंगावर गेलो. लोरेनने मला लवकर घरी आणलं.

आज दुपारी खाली बसलो होतो. काट्याकडे बघत होतो. माझ्या मागे कुणीतरी घसा खाकरला. रूडी बोलण्याआधी खाकरायचा, दोनदा, एक लांब आणि एक आखूड. अगदी तसंच. मी वळलो नाही. मी म्हणालो, "बोल ना आता, काय बोलायचंय ते." काटा एकदा हलला आणि थांबला. प्लास्टिक ठोकलेल्या खोलीत वारा कुठून येणार?

मला भीती वाटली नाही, हे विशेष. मला वाटलं, आला एकदाचा.

८ जानेवारी

तो रोज येतो. दिसत नाही, पण डोळ्याच्या कोपऱ्यात असतो, डाव्या बाजूला, जिथे वर्कशॉपमध्ये त्याचं लेथ असायचं. शिशाची किटली तापली की येतो. एकदा मी दारूचा डबा कुठे ठेवला आठवेना, तर मागच्या फळीवर होता, जिथे रूडी ठेवायचा. मी तिथे कधीच ठेवत नाही.

त्याच्या शेवटच्या वह्या वाचतोय. अक्षर बिघडत गेलंय. "डेलने व्हर्नियर नेला." "डेलला माझा हेवा वाटतो." मग माझं नाव संपतं आणि जॉइसचं सुरू होतं. "जॉ. वस्तू हलवते." "जॉ. मुद्दाम करते." बिचारी जॉइस. इतक्या चांगल्या बाईवर असा संशय? माफीची ओळ अजून सापडलेली नाही.

१७ जानेवारी

व्हर्नियर नाही. खिशात होता, नाही. सगळा बाक उपसला.

लोरेनला विचारलं. ती म्हणाली, "मी कशाला हात लावू तुझ्या त्या घाणीला? कपडे धुते तेच पुष्कळ."

मी म्हणालो, "घरात दोनच माणसं आहेत. मी घेतला नाही. मग राहिलं कोण?"

तिने हातातलं फडकं खाली ठेवलं. मग हळू म्हणाली, "डेल, हे वाक्य कुणाचं आहे, आठवतंय का?"

मला काही आठवत नव्हतं. मी म्हणालो, उगाच कोडी घालू नकोस, वस्तू आणून दे. ती बॅग भरून बहिणीकडे गेली. जाऊ दे. मुद्दाम करतात बायका.

२१ जानेवारी

लोरेन परत आली. फ्रीजमधून लोणी काढायला गेली आणि लोण्याच्या डब्याशेजारून व्हर्नियर काढून माझ्या पुढ्यात ठेवला. तिनेच ठेवला असेल का? नाही, मला वाटतं हा रूडीचा चावटपणा. जिवंतपणी माझा जेवणाचा डबा असाच लपवायचा.

४ फेब्रुवारी

एप्रिलच्या नेमबाजीच्या स्पर्धेसाठी मी शंभर काडतुसं भरली होती. माझी, माझ्या हातची. आज वजन केलं तर दोन हलकी. ठोकून उघडली. आत दारूच नाही.

चाळीस वर्षांत असं झालेलं नाही. मी दारू भरली होती, वहीत खूण आहे. मग कुणी काढली? मी मोठ्याने म्हणालो, "रूडी, हे बरं नाही. माझ्या कामात हात घालायचा नाही." खाकरणं ऐकू आलं. उजव्या मनगटात जोर राहिला नाही, कप हातातून सुटला आणि फुटला. आवाज ऐकून लोरेन अर्ध्या जिन्यापर्यंत आली. मी कुणाशी बोलत होतो ते तिने ऐकलं होतं.

म्हणाली, "उद्याच दवाखान्याची वेळ घेते. नाही म्हणालास तर या वेळी बहिणीकडून परत येणार नाही."

१३ फेब्रुवारी

डॉक्टरीण तरुण आहे, माझ्या पुतणीएवढी. रक्तदाब बघितला, पुन्हा बघितला. पोटाचं विचारलं, झोपेचं विचारलं. चव कशी लागते विचारलं, तेव्हा मी चमकलो. मग लोरेन मध्येच म्हणाली, "हा तळघरात शिसं वितळवतो. दिवसभर. तिथेच जेवतो."

डॉक्टरणीने पेन खाली ठेवलं. "खिडकी उघडी असते ना?"

"नाही," मी म्हणालो. "तराजूला वारा लागतो."

तिने दोघांचंही रक्त काढून घेतलं.

१९ फेब्रुवारी

रक्तातलं शिसं. पाचाच्या आत हवं. माझं एकावन्न. लोरेनचं बारा, फक्त माझे कपडे धुऊन.

डॉक्टरीण म्हणाली, वितळवण्यापेक्षाही तो घोळयंत्राचा धुरळा वाईट, पुंगळ्यांवरच्या काजळीतलं शिसं त्यात उतरतं. तो श्वासातून जातो, जेवणातून जातो, कपड्यांतून वर येतो. पोट, मनगट, तोंडाची चव, विसरणं, चिडणं, संशय घेणं, सगळं त्यातलंच. "भास होऊ शकतात. तुम्हाला काही ऐकू येतं का?"

मी नाही म्हणालो. का खोटं बोललो कुणास ठाऊक. मला वाटलं, हो म्हटलं तर ती रूडीलाही औषध देईल.

निघताना तिने सहज विचारलं, "हे सामान आधी कुणाचं होतं? त्यांचीही तपासणी करायला हवी."

२० फेब्रुवारी

लिहवत नाही.

२२ फेब्रुवारी

या वहीतली ९ नोव्हेंबरची नोंद वाचली. माझ्याच अक्षरात उतरवलेली. डेल आला, दोन मिनिटांत बघितलं. पंखा बंद केला, खिडकीला प्लास्टिक ठोकलं. ती नोंद पाच वर्षांपूर्वीची. दोन वर्षांनी त्याने मला चोर म्हटलं. आणखी तीन वर्षांनी त्याच्या डोक्यातली नस फुटली. मी डॉक्टरणीला फोन करून विचारलं, शिशाने रक्तदाब वाढतो का. म्हणाली, हो. मग म्हणाली, पण आता त्यांचं नक्की काही सांगता येणार नाही.

मला सांगता येतं. मी आयुष्यभर हजारावा भाग मोजत आलोय.

माफीची ओळ मी त्याच्या वह्यांत शोधत होतो. ती माझ्याकडून यायची होती.

२ मार्च

जॉइसकडे गेलो. व्हर्नियर आणि रूडीची ती वही घेऊन. तिने वेलदोड्याचा गोड पाव कापला, कॉफी ठेवली. मी काहीच खाल्लं नाही. आधी सगळं सांगितलं: शिसं, धुरळा, माझा एकावन्न आकडा, ते संशय घेणं. मग वही उघडून ती नोंद तिच्यापुढे सरकवली आणि म्हणालो, "खिडकी मी बंद करायला लावली, जॉइस."

तिने चष्मा लावून वाचलं. मला वाटलं होतं ओरडेल.

"तीन वर्षं," ती म्हणाली, "त्याला वाटत होतं मी त्याच्या कॉफीत काहीतरी घालते. चव वेगळी लागते म्हणायचा. मग मी रोज सकाळी त्याच्या कपातला पहिला घोट त्याच्यासमोर प्यायचे. रोज. तेव्हा कुठे तो कप हातात घ्यायचा."

मी समोरचा कप बाजूला सरकवला.

"मला वाटलं, त्याचं माझ्यावरचं मन उडालं," ती म्हणाली. "बेचाळीस वर्षांनी उडालं. त्याला पुरलं तरी मला तेच वाटत होतं. आणि तू आता सांगतोस की ते शिसं होतं."

"हो."

ती रडली, पण तिचा चेहरा मोकळा झाला होता. व्हर्नियर तिने एप्रनला पुसला आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. मग मला म्हणाली, "आता तू घरी जा, डेल. चांगलं केलंस सांगितलंस ते. पण आता मला तुझ्यावर रागवायचंय, आणि ते तू समोर असताना जमणार नाही. नंतर कधी ये."

मी कधी ते विचारलं नाही.

११ मार्च

लोरेनची माफी मागितली. ती म्हणाली, "व्हर्नियर फ्रीजमध्ये ठेवणाऱ्या माणसाची माफी मी ऐकून घेत नाही, आधी भांडी घास." घासली. खाली उतरायचं झालं तर तोंडाला फडकं, हातात मोजे, खाणंपिणं वर. घोळयंत्र आणि किटली गेली. जमीन ओल्या फडक्याने सहा वेळा पुसली. आज फक्त खिडकी राहिली होती.

चिकटपट्टी सोलली. प्लास्टिक उतरवून खिडकी उघडली. वरचा बर्फ आत पडला, त्यामागून गावापलीकडच्या मोठ्या तलावावरचा वारा आला. पंखा सुरू केला. काटा लगेच थरथरायला लागला, खाली, वर, खाली. त्याच्यावर एक कण नीट मोजता येणार नाही.

बाकापाशी उभा राहिलो. डाव्या बाजूला कुणी नव्हतं. दाबयंत्राचा दांडा मी खाली ठेवला होता तसाच खाली होता. अर्धा तास थांबलो, खाकरणं आलं नाही. मी म्हणालो, "रूडी, चुकलं माझं." पंख्याच्या आवाजात ते मलाही नीट ऐकू आलं नाही.

किटली पुन्हा आणली, खिडकी बंद केली आणि महिनाभर खाली बसलो तर तो परत येईल, हे मला माहीत आहे. प्लास्टिकची गुंडाळी अजून जिन्याखाली आहे. खिडकी उघडी ठेवून मी वर आलो.